पंप गड्याच्या पाठीवर, जबाबदारी आपल्या खांद्यावर



विषाला आपण 'औषध' म्हणतो. 'कापसावर औषध मारायला गडी लावलाय' असे सहज बोलून जातो. औषधाने कुठे माणूस मरतो? मग जपायचे कशाला? सगळा घोटाळा या एका शब्दापासून सुरू होतो.

2017 साली आपल्या किनवट-माहूरच्या समोर, पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते विसरू नका. कापूस डोक्याच्या वर गेलेला, बोंडअळी हटत नव्हती. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारता फवारता वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. सरकारने तपास पथक नेमले, वारसांना दोन लाख देऊ केले. आणि दोष कुणाचा निघाला? मेलेल्याचा! म्हणे हातमोजे घातले नव्हते, तोंड बांधले नव्हते.

आमचा सवाल आहे. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून बंदी, कापसावर मात्र परवानगी चालूच राहिली. खाणाऱ्याच्या ताटाची काळजी झाली, फवारणाऱ्याच्या पाठीची कुणी केली? कारखान्यातल्या फिरत्या यंत्राला जाळी लावायला मालकाला 1948 च्या कायद्याने भाग पाडले. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्यावेत असे 1971 च्या कीटकनाशक नियमांत लिहिले आहे. किती गावांत ते कपडे पोचले? भर ऑक्टोबरच्या उन्हात रबरी पोशाख घालून चार तास पंप चालवून दाखवा, मग मजुराला शहाणपण शिकवा.

सरकारला, कंपनीला, दुकानदाराला आम्ही सोडणार नाही. पण आरसा आपल्याकडेही वळवू. सालगड्याच्या पाठीवर पंप कोण देतो? आपण. मजुरी पंपाच्या हिशोबाने कोण ठरवतो? आपणच. जितके पंप तितके पैसे म्हटल्यावर गडी वारा फिरला म्हणून थांबेल का? हात धुवायला विहिरीवर जाईल का? म्हणजे जी घाई त्याला मारते, ती आपण विकत घेतलेली असते. कारखानदाराने मजुराच्या जिवावर नफा काढला तर आपण बोलतो. मग आपल्या बांधाच्या आत वेगळा न्याय चालणार नाही.

म्हणून नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी आपल्या शेतापासून सुरुवात करावी. फवारणीची मजुरी दिवसावर द्यावी, पंपावर नाही. फवारा सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. उपाशीपोटी कुणाला पाठवू नये. दुकानदार म्हणतो म्हणून तीन-तीन डबे एकत्र कालवू नयेत. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. आखाड्यावर साबण, पाण्याची घागर आणि बदलायला कपडे ठेवणे मालकाचे काम. हात धुतल्याशिवाय तंबाखू नाही. फवारलेल्या रानात बायांना लगेच खुरपायला, वेचायला लावू नये. रिकाम्या डब्यात पाणी भरू नये.

गड्याला मळमळले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. डब्यावरचे नाव पाहूनच डॉक्टरला उतारा ठरवता येतो.

ज्वारीच्या खळ्यावरही हाच नियम. मळणी यंत्रासाठी 1983 पासून कायदा आहे. पेंढी सारायचे तोंड हात ढोलापर्यंत पोचणार नाही इतके लांब आणि वरून झाकलेले नसेल, तर ते यंत्र खळ्यावर येऊ देऊ नका. रात्री झोपेने पेंगणाऱ्याला यंत्रापुढे उभे करू नका.

सरकारकडे मागण्या दोन. हंगामात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिन असलेच पाहिजे. आणि शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख सातबारावाल्याच्या घरापुरते न ठेवता भूमिहीन मजुराच्या घरीही पोचले पाहिजेत. विष सातबारा बघून अंगात शिरत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एवढेच सांगावे: माझ्या आखाड्यावर साबण ठेवला का, आणि पंपाचा हिशोब मोडला का. ज्याने हे केले नाही, त्याने सरकारविरुद्धच्या ठरावावर हात वर करण्याआधी जरा विचार करावा.