पोच

जूनमध्ये एका ज्येष्ठ लेखकांचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे. हाताने लिहिलेल्या लेखाच्या अकरा पानांचे फोटो त्यांनी नातवाकडून काढून घेतले होते आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. त्याला बारा दिवस झाले होते. "मिळालं का, एवढंच विचारायचं होतं," ते म्हणाले. नातवाने त्यांना निळ्या खुणा दाखवल्या होत्या. "तो म्हणतो, आजोबा, त्यांनी बघितलंय. पण तुमची पोच आली नाही, म्हणून म्हटलं विचारावं."

लेख मिळाला होता. कार्यालयात आम्ही दोघांनी वाचलाही होता, आवडलाही होता, आणि या अंकात तो आहे. पण आमच्यापैकी कोणीही 'मिळाला' एवढा एक शब्द लिहिला नव्हता. त्या एका शब्दासाठी एका माणसाने बारा दिवस वाट पाहिली. तेव्हापासून 'पोच' हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मराठीत पत्र मिळाल्याचं कळवणं म्हणजे पोच, आणि कुठे कसं वागावं याची जाण म्हणजेही पोच. एखाद्याला 'पाचपोच नाही' असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या शिक्षणाबद्दल बोलत नसतो. समोर माणूस आहे, याचं भान त्याला नाही, एवढंच म्हणत असतो. दोन्हींना एकच शब्द असावा, हे मला फार बरोबर वाटतं.

वर्षभर मला हेच खुपत राहिलं. लग्नाची पत्रिका गटावर येते, खाली अंगठ्यांची रांग लागते, आणि कोण येणार ते मुलीच्या आईला आदल्या दिवशीपर्यंत कळत नाही. कोणाचे वडील गेल्याची बातमी येते, तिच्याखाली एकाने लिहिलेली श्रद्धांजली पुढचे चाळीस जण जशीच्या तशी चिकटवतात. लेखासाठी पत्रं पाठवली, तर निम्म्याहून जास्त लेखकांकडून होकारही नाही आणि नकारही नाही. नकार आला असता तर मला आनंद झाला असता. नकारही पोचच असते.

दिवाळी अंकाच्या संपादकीयात वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. फेब्रुवारीत दिल्लीला साहित्य संमेलन झालं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र पेटला आणि जूनअखेर सरकारला त्याबाबतचे निर्णय मागे घ्यावे लागले. सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, धाराशिव, बीड, सोलापुरात पिकांबरोबर शेतांतली मातीही वाहून गेली. या प्रत्येकावर लेख होऊ शकतो, काही या अंकात आहेतही. मला मात्र ज्या घटनेवर थांबायचं आहे, तिची बातमी वर्तमानपत्रांत दोन दिवस आली आणि विरून गेली.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात विलीन झाली. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा लोकांनी शेवटच्या तारा पाठवायला रांगा लावल्या होत्या. रजिस्टरसाठी कोणी रांग लावली नाही. पण या दोन सेवांत एक बारीक फरक होता. स्पीड पोस्ट पत्त्यावर द्यायचं, तिथे जो असेल तो घेऊ शकतो. रजिस्टर द्यायचं नावाच्या माणसाला. पोस्टमन दारात उभा राहून नाव विचारायचा, बोट ठेवून सही कुठे करायची ते दाखवायचा, आणि ए.डी., म्हणजे पोचपावती, जोडलेली असेल तर ते सहीचं कार्ड पाठवणाऱ्याकडे परत जायचं. वेगळे पैसे भरले तर स्पीड पोस्टातही नोंदणीची सोय मिळेल, असं टपाल खात्याने सांगितलं आहे. ती मिळो. पण नाव आणि पत्ता यांतला तो फरक मला आजच्या सगळ्या संपर्काला लागू दिसतो. आपण दिवसभर पत्त्यांवर पाठवत असतो. नंबरावर जातं, गटावर जातं, इनबॉक्समध्ये जातं. माणसाला मिळालं का, हे विचारायला कोणी दारात थांबत नाही.

जुनं ते सारं सोनं, असं मी म्हणणार नाही. जुनी पत्रंही ठरीव साच्यातलीच असत. 'शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.' इथून सुरुवात, 'इकडील सर्व क्षेम, तिकडील कळावे' हे मध्ये, 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' हे शेवटी. तारेत तर शुभेच्छांच्या वाक्यांना क्रमांकच होते, आकडा सांगितला की वाक्य जाई. तेव्हा तयार शब्दांवर माझा राग नाही. पण त्या साच्यातच एक वाक्य असायचं: 'उलट टपाली कळवावे.' आणि लोक कळवत. घरातलं कोणी लिहितं नसेल तर शेजारच्या पोराला बसवून दोन ओळी खरडून घेत, पण कळवत.

ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांच्याकडेही पोच होती. तालुक्याला शिकणाऱ्या मुलांचे डबे एस.टी.ने जात, अजूनही काही मार्गांवर जातात. आई पहाटे भाकरी करते, फडक्यात डबा बांधते, फाट्यावर येऊन कंडक्टरच्या हाती देते. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत येतो. डबा हलका लागला की पोरगं जेवलं. तळाशी अर्धी भाकरी राहिलेली असेल तर आईला रात्रभर घोर. एकही शब्द न लिहिता रोज एक पत्र जायचं आणि त्याचं रोज उत्तर यायचं. शेजारणीने दिलेल्या वाटीबद्दलही आपल्याकडे रीत आहे: रिकामी परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी. ती साखर म्हणजे पोच.

नवी साधनं मला हवी आहेत. वीज कुठे पडण्याची शक्यता आहे, हे पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' हे अ‍ॅप आधी सांगू शकतं. धरणातून विसर्ग वाढवायचा असेल तर किती क्युसेक आणि किती वाजता, हे काही मिनिटांत नदीकाठच्या साऱ्या गावांच्या गटांवर जातं. याने जीव वाचतात. पण गटावर टाकलं म्हणजे कळवलं, हे मी मान्य करणार नाही. ओढ्याकाठच्या शेवटच्या घरातली म्हातारी त्या गटात नसते. रानात पाळी घालणाऱ्याचा फोन बांधावरच्या पिशवीत असतो. म्हणून पुराच्या रात्री अजूनही देवळाच्या भोंग्यावरून सांगावं लागतं, दवंडी द्यावी लागते. दवंडी देणाऱ्याला दारं उघडताना दिसतात. कुठलं दार उघडलं नाही तेही दिसतं, आणि त्या दाराची कडी तो वाजवतो. मोबाइलने निरोपाचा वेग वाढवला. कडी वाजवण्याचं काम माणसाकडेच राहिलं आहे, आणि तेच आपण सोडून देत चाललो आहोत.

२०२५ च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. विश्वाच्या उत्पत्तीचा विचार करणारा हा माणूस सही मागणाऱ्या मुलांना म्हणे, सही देणार नाही, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. आणि उत्तरं जात. एवढ्या व्यापातल्या माणसाला पोस्टकार्डांना उत्तरं लिहायला वेळ होता. आपल्याला वेळ नाही, हे मी यापुढे कोणाकडूनही ऐकून घेणार नाही, आमच्या कार्यालयाकडूनही नाही. जूनपासून इथे नियम आहे: आलेल्या प्रत्येक मजकुराला दोन दिवसांत पोच जाईल, निर्णय व्हायला दोन महिने लागले तरी.

यंदाच्या अंकाचा विषय 'निरोप' ठरला तो यातूनच. सांगावा धाडणं हाही निरोप आणि जाणाऱ्याला उंबऱ्यापर्यंत पोचवणं हाही निरोप. शाहिरांपासून कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या मुलींपर्यंत बरेच जण या अंकात बोलले आहेत.

का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे अंक टपालाच्या थैल्यांतून घरोघरी गेले. आमचाही तसाच गेला. आता टपालखर्च मोठा आहे. मे महिन्यात पुस्तकांसाठी सुरू झालेल्या स्वस्त 'ज्ञान पोस्ट' योजनेत नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं बसत नाहीत, म्हणजे दिवाळी अंक बसत नाहीत. त्यांचा समावेश व्हावा, ही मागणी आम्ही करत राहू. पण खर्च वाढला म्हणून यंदा एकाही वर्गणीदाराचा अंक थांबवलेला नाही.

अंकाच्या मधल्या पानात ५० पैशांचं एक पोस्टकार्ड ठेवलं आहे. आमचा पत्ता घातलेला आहे, पिनकोडही. मागची बाजू कोरी आहे. लेख आवडले की नाही ते सवडीने कळवा. आधी 'अंक पोचला' एवढं लिहा, खाली तुमचं नाव लिहा, आणि कार्ड पेटीत टाका.

त्या ज्येष्ठ लेखकांचा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे.