घराचें अंगण कोठवर?

घर पाहावयास निघालेला गृहस्थ आधीं खोल्या मोजतो, मग फरशी न्याहाळतो आणि अखेरीस किंमत विचारतो. या दारांतून दहा वर्षांचें मूल एकटें, पायीं, कोठवर जाऊं शकेल, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मतें हाच प्रश्न पहिला होय.

या दृष्टीनें मुंबईंतील दादर-माटुंगा भागाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. १८९६ सालीं शहरांत प्लेग शिरला. दाट वस्तींतील अंधार व कोंदट हवा यांकडे तेव्हां कोठें सरकारचें लक्ष गेलें, आणि १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टानें शहराच्या उत्तरेस जी वसाहत आंखली, तींत रस्ते, झाडें व मोकळ्या जागा आधीं ठरल्या. घरें मागाहून आलीं. पारशी कॉलनीसाठीं झटलेले मंचरजी जोशी यांचें नांव तेथील पांच बागांना आहे. पुढें माहीम पार्क १९२५ सालीं खुलें झालें व दोन वर्षांनीं त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. तें मैदान सुमारें २८ एकरांचें आहे. रुइया कॉलेज १९३७ सालीं निघालें. दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलासही शाळा, बाग, मैदान व स्टेशन पायाखालचें झालें. (स्टेशनाजवळच्या पुस्तकांच्या दुकानांत तासन्‌तास घालविणारे विद्यार्थी येथें मनांत हंसतील.) सचिन तेंडुलकर मूळचे वांद्र्याचे, परंतु सरावाचें मैदान दूर पडे, म्हणून शाळकरी वयांतच ते शिवाजी पार्काजवळ आप्तांच्या घरीं राहावयास आले. जाण्यायेण्यांत जाणारा वेळ मुलाच्या आयुष्यांतूनच वजा होतो, हें त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं ओळखलें होतें.

आज जुनीं दुमजली-तिमजली घरें पाडून उत्तुंग इमारती उठत आहेत. त्यांच्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, बगीचा यांचीं चित्रें असतात. हीं सुखें आम्हांस नकोत असें नाहीं. पण तीं सारीं फाटकाच्या आंत आहेत, आणि त्या फाटकावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या मुलास तेथें पाय टाकतां येत नाहीं. बाहेरच्या रस्त्यावर मोटारी इतक्या उभ्या असतात कीं, आंतील मुलासही बाहेर सोडण्यास आई धजत नाहीं. मग दोघेही कोंडलेलेच! जखऱ्या संदेष्ट्यानें यरुशलेमेच्या सुदिनाचें चित्र काढलें, तेव्हां काठी टेकून बसलेले वृद्ध आणि खेळणारीं मुलें त्यानें रस्त्यांत दाखविलीं, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें.

स्वस्त जागेसाठीं ज्यांस दूर जावें लागतें, त्या पालकांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. पहांटे मूल जागें होण्यापूर्वीं निघून तें निजल्यावर परतणारा बाप हौसेनें तसें करीत नाहीं. परंतु ज्यांस निवड करणें शक्य आहे, त्यांनीं एक खोली कमी घेऊन मैदान जवळ करावें. आणि आपल्या वस्तींतील उरलेल्या मोकळ्या जागेवर कोणी कुंपण घालूं लागला, तर नगरपालिकेकडे लेखी हरकत नोंदवावी. शेजाऱ्याचीही सही घ्यावी.

विद्यार्थ्यांस आमचें एक काम आहे. या सुटींत आपल्या घरापासून दहा मिनिटें प्रत्येक दिशेस चालावें व जें जें आढळेल त्याचा नकाशा काढावा: वाचनालय, दवाखाना, मंडई, झाड, नळ, चर्च, देऊळ, मशीद, खेळण्याची जागा. जेथें रस्ता ओलांडण्यास भीति वाटली तेथें तांबडी खूण करावी. शाळा उघडतांच हे नकाशे आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावूं. पालकांनीं ते पाहावयास अवश्य यावें.