अनगड हिऱ्यांचे कौतुक पुरे

मराठी समीक्षेने हिरा या वस्तूचा जेवढा गैरवापर केला आहे, तेवढा जव्हेऱ्यांनीही केला नसेल. तालुक्याच्या गावाहून एखादा कवितासंग्रह निघाला की त्याच्या मलपृष्ठावर 'मातीतला अनगड हिरा' ठरलेलाच. कवीचे वय थोडे पुढे सरकले की तो 'स्वयंतेजाने झळकणारा हिरा' होतो, आणि वारला की 'पारखी न मिळालेला हिरा'. हे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी पैलू न पाडलेला हिरा पाहिला आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो बहुधा तुरटीच्या खड्यासारखा किंवा तेलकट काचेच्या तुकड्यासारखा दिसतो. रस्त्यात पडलेला असला तर शंभरातले नव्याण्णव समीक्षक त्याला पायाने बाजूला सारतील.

हेच गृहस्थ मुलाच्या साक्षगंधासाठी अंगठी घ्यायला सराफाकडे जातात तेव्हा एकच प्रश्न विचारतात: "किती सेंटचा आहे?" मलपृष्ठावरचे विशेषण आणि दुकानातला प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मोल असते ते दगडात, त्याच्या मूळच्या वजनात. माणसाने त्यावर केलेले काम म्हणजे वरवरची सजावट, ही एकच समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. ती दोन्ही ठिकाणी खोटी आहे. पण आधी अंगठीचे पाहू. तिथे पैसे जातात, आणि कापसाच्या पट्ट्यात ते सहज येत नाहीत.

आमच्या जळगाव जामोदला (पत्रावर 'जामोद' न लिहिल्यास खान्देशात पोहोचणारे हे गाव) धातूंची पारख परकी नाही. दक्षिणेला खामगाव आहे, चांदीसाठी नावाजलेले. पश्चिमेला ते दुसरे जळगाव, सोन्यासाठी. साक्षगंधाची खरेदी बहुतेक घरांत अशाच पेठांमधून होते. या खरेदीत पिढ्यान्पिढ्या मुरलेले शहाणपण असे की सोने म्हणजे वजन. भाव ग्रॅमचा, वर घडणावळ. आणि घडणावळ म्हणजे बुडीत पैसा, कारण मोडीला गेल्यावर कारागिराच्या कामाचे कोणी काही देत नाही. म्हणून शहाणी आजी नक्षीदार बांगडीपेक्षा सपाट पाटली पसंत करते. सोन्याच्या बाबतीत ती शंभर टक्के बरोबर असते.

हेच शहाणपण हिऱ्याला लावले की फसगत होते. हिऱ्याच्या बाबतीत घडणावळ हेच मोलाचे मर्म आहे. रंग निसर्गाचा, आतले डाग निसर्गाचे. पैलू मात्र माणसाचे. आणि डोळ्याला जे दिसते, ज्याला आपण 'पाणी' म्हणतो, त्याचा मोठा भाग या तिसऱ्या गोष्टीतून येतो. हिऱ्याला स्वतःचे तेज नाही. अंधाऱ्या खोलीत तो कोळशाइतकाच काळा असतो. 'स्वयंतेजाने झळकणारा हिरा' हे विशेषण म्हणूनच भौतिकशास्त्राच्या पहिल्या धड्यात नापास होते.

त्याचे चालते ते असे. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, म्हणजे काचेच्या मानाने बराच जास्त. वरून आत शिरलेला प्रकाश खालच्या उतरत्या पैलूवर आदळतो. तिथे त्याने लंबाशी सुमारे २४.४ अंशांपेक्षा मोठा कोन केला तर तो बाहेर पडू शकत नाही. तो आतच परततो, समोरच्या पैलूवर जातो, तिथूनही परततो आणि वरच्या बाजूने, सात रंगांत थोडा फुटून, आपल्या डोळ्यांत येतो. खालचा भाग उथळ कापला तर प्रकाश तळातून निसटतो आणि हिऱ्यात एक करडे कडे दिसते. तो फार खोल कापला तर मधोमध काळा डाग दिसतो, खिळ्याच्या डोक्यासारखा. हे सारे एक-दोन अंशांच्या फरकाने घडते. हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल तोल्कोवस्कीने १९१९ साली 'डायमंड डिझाइन' नावाच्या छोट्या पुस्तकात हे गणित मांडले: खालच्या पैलूंचा कोन सुमारे ४०.७५ अंश, वरच्यांचा ३४.५. आजचा ५७ पैलूंचा गोल हिरा (तळाचे टोक सपाट केले तर ५८) थोड्याफार फेरफाराने त्याच हिशोबावर उभा आहे.

आता बाजाराची गोम. अर्ध्या कॅरेटला आणि एक कॅरेटला भाव एकदम उडी मारतो. ४८ सेंट आणि ५० सेंट यांत डोळ्याला काहीही फरक दिसत नाही, बिलात दिसतो. त्यामुळे कारागिराला किंवा त्याच्या मालकाला मोह होतो की कोन बिघडला तरी चालेल, वजन उतरू द्यायचे नाही. मग हिऱ्याचा तळ जाड, कंबर जाड, आणि वरून पाहिले तर रुंदी कमी. नीट कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद असतो. पोटात वजन लपवलेला एक कॅरेट सहाच्या आसपास भरतो, म्हणजे वजन मोठ्या हिऱ्याचे आणि तोंड लहान हिऱ्याचे. गिऱ्हाईक न दिसणाऱ्या पोटाचे पैसे मोजते आणि साक्षगंधाच्या मांडवात 'एक कॅरेट' असे अभिमानाने सांगते. मांडवातल्या कुणालाही तो चमकताना दिसत नाही, पण आकडा ऐकून सगळे माना डोलावतात. आमच्याकडच्या साहित्य संमेलनांत ग्रंथसंख्येचा उल्लेख असाच होतो. असो.

वजनाचा हा मोह आजचा नाही, आणि त्याला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या रत्नशास्त्राने ज्या हिऱ्याला आदर्श मानले तो मुळी कापलेला नव्हताच. सहा टोके, आठ बाजू, बारा धारा असलेला निसर्गसिद्ध स्फटिक हाच उत्तम. हा सौंदर्यविचार स्वतःच्या जागी सुसंगत आहे. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहणाऱ्या ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने नोंदवले आहे की इथले कारागीर निर्दोष खड्याच्या नैसर्गिक बाजू नुसत्या घासून साफ करत, आणि ज्यात डाग असे त्यावर डाग झाकण्यासाठी बरेच लहान पैलू पाडत. म्हणजे पैलू हा दोष लपवण्याचा उपाय आणि वजन ही राखण्याची दौलत. त्या काळच्या राजाला हिरा खजिन्यात ठेवायचा होता, बोटात झळकवायचा नव्हता. आपण आज बोटात घालण्यासाठी घेतो आणि खजिनदाराच्या काट्याने मोजतो. तक्रार आहे ती याबद्दल.

या दोन दृष्टींची टक्कर कोहिनूरवर झाली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लोक तो पाहायला लोटले आणि निराश होऊन परतले. तो त्यांना काचेसारखा वाटला. १८५२ मध्ये प्रिन्स अल्बर्टच्या देखरेखीखाली अ‍ॅमस्टरडॅमच्या कारागिरांनी तो पुन्हा कापला. जुन्या मापाने १८६ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला. त्याचे मराठी भावंड म्हणजे 'नासक', नाशिकच्या नावाचे ते इंग्रजी रूप. त्र्यंबकेश्वराच्या देवालयातला म्हणून ओळखला जाणारा हा हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडताना इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनला गेला. तिथे रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो नव्याने कापला. नव्वदच्या आसपासचा ऐंशीच्या आसपास आला. १९४० साली हॅरी विन्स्टनने तो विकत घेऊन पुन्हा कापला. आज तो ४३.३८ कॅरेटचा चौकोनी हिरा आहे. मूळ वजनाचा निम्म्याहून अधिक भाग चकतीवर उडाला.

यावर आपल्याकडे ठरलेला विलाप असा: त्यांनी आपला हिरा चोरला आणि वर कापला. चोरला, यात शंका नाही. पण कापण्याबद्दल रडताना आपण कशासाठी रडतो ते तरी स्पष्ट असावे. एका ऐतिहासिक वस्तूवरचे भारतीय कारागिराचे हात पुसले गेले म्हणून रडत असू, तर ते रडणे खरे आहे. जुन्या पोथीची 'शुद्ध' प्रत काढून मूळ पोथी जाळावी तसा तो प्रकार होता. पण आपला शोक बहुधा गेलेल्या कॅरेटांसाठी असतो. जुने पैलू कसे होते, त्यांतून प्रकाश कसा खेळत असेल, याबद्दल मराठीत कुणाला कुतूहल असल्याचे मला आढळले नाही.

वर्गात हिरा येतो तो तुकोबांच्या अभंगातून: ऐरणीवर ठेवून घण घातला तरी वाचतो तो खरा. तुकोबा संताच्या कसोटीबद्दल बोलत आहेत आणि त्यांनी घेतलेली समजूत जगभरची आहे. रोमन लेखक प्लिनीनेही ती नोंदवली होती. पण शिकवणाऱ्याने पुढे एक वाक्य बोलायला काय हरकत आहे? हिरा ओरखडत नाही, पण फुटतो. त्याच्या स्फटिकाला ठराविक दिशांनी भेगाळण्याची पातळी असते आणि त्या दिशेने बसलेला घाव अस्सल हिऱ्याचे दोन तुकडे करतो. काठिण्य वेगळे, चिवटपणा वेगळा. हे सांगितल्याने अभंग उणा होत नाही, उलट रूपक कुठे वस्तूला धरून चालते आणि कुठे सोडते हे विद्यार्थ्याला कळते. आमच्या खात्यात मात्र वस्तूची चौकशी हा रसभंग समजला जातो.

'अनगड' या शब्दाचे गौडबंगालही इथेच आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरून, मोडक्या एसटीने येणाऱ्या मुलीला 'अनगड हिरा' म्हणणे हे कौतुक वाटते. प्रत्यक्षात ती जबाबदारी झटकण्याची युक्ती आहे. तिच्या निबंधातली वाक्यरचना तपासायची नाही, तिला चार चांगल्या गद्यलेखकांकडे पाठवायचे नाही, तिसरा खर्डा मागायचा नाही, कारण मग तिचा 'मातीचा गंध' जाईल म्हणे. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बाबतीत ही काळजी कोणी घेत नाही. त्यांचे खर्डे लाल शाईने भरतात आणि ती मुले पुढे जातात. सुरतेत फिरत्या चकतीसमोर बसलेला कारागीर दगडाचा निम्मा भाग धुळीला मिळवतो तेव्हा तो दगडाचा अपमान करत नसतो.

एक आक्षेप येणार, आणि तो आमच्याच खोलीतून येणार: साक्षगंधाला हिरा हवाच कशाला? हे सगळे डी बिअर्सचे कारस्थान आहे. आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. हिरा आणि चिरंतनत्व यांची सांगड घालणारे घोषवाक्य १९४७ साली एन. डब्ल्यू. आयर या अमेरिकी जाहिरात संस्थेतल्या फ्रान्सिस जेरेटी या लेखिकेने लिहिले, आपल्या कुठल्याही धर्मशास्त्राने नव्हे. साक्षगंधाला कुंकू, साखर, साडी आणि सोन्याचे वळे पुरत असे. शिवाय आमच्या भागात सोन्याचा एक रोकडा उपयोग आहे. पेरणीच्या तोंडावर ते बँकेत गहाण ठेवता येते. अंगठी हिऱ्याची असेल तर बँक खड्याचे वजन वजा करून फक्त सोन्यावर कर्ज देते. ज्या घराला जूनमध्ये बियाण्याचे पैसे उभे करायचे आहेत त्या घराने हिरा घेऊ नये, आणि मुलीकडच्यांनी किंवा मुलाकडच्यांनी तो मागू नये. हे मी कुठल्याही मंडळींच्या बैठकीत सांगेन.

पण 'कारस्थान' म्हणून हात झटकणारे प्राध्यापक शेवटी घेतातच. मुलगी अडून बसते, विहीणबाई सुचवतात, आणि आदल्या संध्याकाळी घाईने खरेदी होते. बाजाराचा तिरस्कार करणारा माणूस बाजारात सर्वांत सहज फसतो, कारण त्याने वस्तू समजून घेण्याचे कष्ट विचारसरणीच्या नावाखाली टाळलेले असतात.

घ्यायचाच असेल तर वजनाचा आकडा शेवटी विचारावा. आधी हिरा दुकानातल्या झगमगत्या दिव्यांखालून काढून दारात, दिवसाच्या उजेडात आणावा, मग साध्या ट्यूबलाइटखाली पाहावा. त्या खास दिव्यांखाली गारगोटीसुद्धा चमकते. दोन हिरे शेजारी ठेवून हळूहळू तिरपे करावेत. ज्यात उजेड आणि अंधार यांचे तुकडे रेखीव असतात आणि हलवताना झरझर जागा बदलतात, तो चांगला कापलेला. मधोमध काळेपणा किंवा कडेने करडे कडे दिसले की तो बाजूला ठेवावा. कागदावर मिलिमीटरमधली रुंदी लिहिलेली असते, ती वजनाशी ताडून पाहावी. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेने २००६ पासून गोल हिऱ्याच्या 'कट'ला एक्सलंट ते पुअर अशा पाच श्रेणी दिल्या आहेत. वरच्या श्रेणीखाली उतरण्यापेक्षा वजनाने उतरावे. रंगात एक-दोन पायऱ्या खाली आल्या तरी सोन्याच्या कोंदणात ते कुणाला कळत नाही. भिंगाखालीच दिसणारा बारीक डागही चालतो. पन्नास सेंटच्या मंद हिऱ्यापेक्षा पंचवीस सेंटचा जिवंत हिरा लग्नघरात दुरून ओळखू येतो आणि बरेच पैसे वाचतात.

राहिला प्रयोगशाळेतला हिरा. तोही कार्बनच, त्याच रचनेचा, आणि काही वर्षांत त्याचे भाव घसरत गेले आहेत. आमच्याकडे त्यावर लगेच 'अस्सल की नक्कल' असा वाद रंगतो, कारण तो वाद आम्हाला पाठ आहे. पण तिथे दगड स्वस्त झाल्यावर पाहण्यासारखे उरते ते पुन्हा पैलूच, आणि स्वस्त माल म्हणून तो पुष्कळदा घाईने कापलेला असतो. तिथेही तो दारापाशी, उजेडात नेऊनच पाहावा.