पात्याचं कौतुक पुरे, बिजागरीकडे बघा

पावसाळा ओसरून कोकणातल्या सहलींचे बेत सुरू झाले की मित्रमंडळींत एक प्रश्न हमखास निघतो : न गंजणारा घडीचा चाकू कोणता घ्यावा? उत्तरं देणारेही ठरलेले. पहिला म्हणतो, "स्टील कुठलं ते बघ." दुसरा डी२ सुचवतो, तिसरा ४४०सी, चौथा थेट जपानी एच१चं नाव घेऊन मोकळा होतो. जात विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. त्यातून पोलादही सुटलेलं नाही. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर चार दिवस होतो. खिशात स्टेनलेस पात्याचा महागडा चाकू. रोज समुद्रात भिजायचा, पँटला पुसून रोज मिटून खिशात जायचा. शेवटच्या दिवशी होडीतून जाळं सोडताना दोराचा फास भाच्याच्या घोट्याला बसला आणि दोर पाण्याकडे ओढला जाऊ लागला. मी चाकू काढला. तो उघडेना. नख तुटलं, चाकू जागचा हलला नाही. होडीवाल्या काकांनी त्यांच्या काळ्या पडलेल्या, लाकडी मुठीच्या सुरीनं दोर कापला. भाच्याच्या पायावर वळ उठला, तेवढ्यावर निभावलं. किनाऱ्यावर आल्यावर काकांनी माझा चाकू हातात घेऊन एवढंच विचारलं, "गोड्या पाण्यानं कधी धुतला होतात का हो?"

नव्हता धुतला. न गंजणारा होता ना!

घरी येऊन खोलला तेव्हा पातं लखलखीत होतं. बिजागरीतले वॉशर आणि आतली पट्टी मात्र तांबड्या गंजानं चिकटून बसली होती.

यात चमत्कार काही नाही. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलं की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. ओरखडा आला तरी ऑक्सिजन मिळाल्यास तो थर पुन्हा भरून येतो. मिठातलं क्लोराइड त्याला भोकं पाडतं. उघड्या पात्यावर दुरुस्ती चालू राहते. पण बिजागरीच्या फटीत कोंडलेल्या खाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि दुरुस्ती थांबते. म्हणजे घडीचा चाकू नेमका तिथे गंजतो, जिथे आपली नजर जात नाही. वर आपण तो ओलाच मिटून ठेवतो.

बरं, जातीचा दाखला तरी पुरेसा असतो का? डी२मध्ये क्रोमियम ११-१२ टक्के, म्हणजे कागदावर पास. पण त्यातला दीड टक्क्याच्या आसपासचा कार्बन बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये बांधून टाकतो आणि संरक्षणाला उरतं ते अपुरं पडतं. म्हणून डी२ला पावसातही डाग धरतात. एच१मध्ये कार्बन अगदी कमी असतो. ते खाऱ्या पाण्याला खरंच दाद देत नाही, हे मान्य. पण साध्या पात्यावर त्याची धार त्यामानाने लवकर उतरते. शिवाय पातं एच१चं असलं, तरी स्क्रू आणि आतली पट्टी कशाची आहे, हे विचारतो कोण?

विचारायचंच तर हे विचारा. चाकू साध्या पेचकसानं खोलता येतो का? मुठीची मागची बाजू उघडी आहे का, म्हणजे पाणी आणि वाळू बाहेर पडेल? बिजागरीत पोलादी बॉल बेअरिंग आहेत की ब्राँझचे वॉशर? मूठ लाकडी असेल तर ती भिजून फुगेल आणि पातं आवळून धरेल, हे दुकानदारानं सांगितलं का? आणि घेतल्यावर रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात चार वेळा उघडझाप, नीट वाळवणं, बिजागरीत थेंबभर मिनरल ऑइल. स्वयंपाकाचं तेल नको, ते पुढे चिकटतं. कातडी म्यानातही ठेवू नका, त्यात ओल धरून राहते.

"एवढं कोण करत बसणार? म्हणून तर न गंजणारा घ्यायचा!" माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे. 'गंजरोधक' हा शब्द प्रामाणिक आहे. तो गंजाला रोखतो म्हणतो, अभय देत नाही. आपण त्याचा अर्थ 'न गंजणारा' करून घेतला आणि काळजी न घेण्याची मुभा विकत घेतली. पैसे जास्त मोजले की जबाबदारी संपते, हा हिशेब होडीत चालत नाही.

काकांची सुरी साध्या लोखंडी पात्याची. एक रात्र खाऱ्या ओलीत राहिली तर सकाळी तांबूस होईल. ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून होडी लागली की आधी सुरी धुतली जाते, मग हातपाय. माझा चाकू गंजणार नाही, असं मला वाटत होतं.