पोटाचा हिशेब आणि पाटीचा हिशेब

दरवर्षी अर्थसंकल्प मांडले गेले की एक जुनी आरोळी ठरल्यासारखी कानी येते : शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च झालाच पाहिजे! विरोधी बाकांवर असताना जे ती ठोकतात, तेच सत्तेवर आल्यावर तिचा उच्चार करीत नाहीत. व्यासपीठांवरून आम्हीही ती अनेकदा ठोकली आहे. आज मात्र आमचे भांडण त्या आरोळीशीच आहे.

हे सहा टक्के आले कोठून? डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली अहवाल दिला. आपले जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. वीस वर्षांनी किती मुले शाळेत असतील, किती शिक्षक लागतील, त्यांना वेतन काय द्यावे लागेल, याची मांडणी आयोगाने केली. १९६५-६६ मध्ये दरडोई १२ रुपये असलेला शिक्षणखर्च १९८५-८६ पर्यंत ५४ रुपयांवर न्यावा लागेल आणि तो तेव्हाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के भरेल, असे ते गणित. आपण गणित पुसून टाकले आणि उत्तर तेवढे फळ्यावर ठेवले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांत तेच उत्तर! मध्यंतरी १९९९ साली तपस मजुमदार यांच्या तज्ज्ञगटाने प्राथमिक शिक्षणापुरते गणित नव्याने सोडवले. दहा वर्षांत सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपये जादा लागतील, असे उत्तर आले. २००२ च्या घटनादुरुस्तीच्या वेळी सरकारने वर्षाला ९,८०० कोटीच धरले.

असा हिशेब अशक्य आहे, असे कोणी म्हणेल. पण सरकार तो करतेच की! शालेय पोषण आहाराचे पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणून १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. आधी मुलाची गरज, मग तिची किंमत. पोटाचा हिशेब ग्रॅमात होतो. पाटीचा मात्र टक्क्यांत.

तीस किंवा त्याहून कमी मुलांच्या सरकारी शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला दहा हजार रुपये संयुक्त अनुदान ठरले. महिन्याला साडेआठशेही नाहीत. त्यात खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता. हा आकडा कोणत्या शाळेच्या ओसरीवर बसून काढला? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले. इयत्ता चार किंवा पाच. गुरुजी दुसरीला वाचन शिकवीत असताना तिसरी काय करते, याची किंमत कोणत्या रकान्यात मांडायची? खर्चाचा अंदाज केंद्राने तयार करावा, असे त्याच कायद्याचे सातवे कलम सांगते. बारावे कलम तर नमुनेदार आहे. खासगी शाळेने मोफत शिकवलेल्या दुर्बल घटकांतील मुलाचा परतावा शासनाच्या दरडोई खर्चाइतका किंवा प्रत्यक्ष शुल्काइतका, यांपैकी जो कमी तो. शासन आज जे खर्च करते तेच पुरेसे, हे येथे न बोलता गृहीत धरले आहे.

पैसा ओतला म्हणजे शिक्षण सुधारते असे नाही, हे आम्हांला मान्य. वर्गावर न जाणारा शिक्षक वेतनवाढीने वर्गात येत नाही. परंतु हा युक्तिवाद बहुधा तेच करतात, ज्यांची स्वतःची मुले भरमसाट शुल्काच्या शाळांत शिकतात. तेथे त्यांना पैशाचे महत्त्व बरोबर कळते.

आता थोडे आपल्याविषयी, वाचकहो. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा लूकच्या शुभवर्तमानातील दाखला आम्ही वेदीवरून कितीदा तरी समजावून सांगितला. आणि अनुदानित शाळेचे व्यवस्थापक म्हणून आम्ही स्वतः काय केले? गळक्या कौलांसाठी झोळी फिरवली, प्रयोगशाळेसाठी आखाती देशांतल्या माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहिली, पंखे कोणाच्या तरी स्मृत्यर्थ बसवले. दात्यांचे ऋण आहेच. पण या देणग्यांनी तूट झाकली गेली. शासनाला शाळा चाललेली दिसली आणि तिचा खरा खर्च कोणाच्याच वहीत उतरला नाही. जेथे झोळीत टाकायला कोणी नाही, त्या मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवरील शाळेलाही मग तेवढ्यातच भागते, असा समज होतो. या पापात आमचाही वाटा आहे.

यंदा जूनपासून आम्ही शाळेच्या जमाखर्चात एक जादा रकाना आखला आहे. देणगीतून झालेले प्रत्येक काम, फुकट मिळालेला प्रत्येक तास, बाजारभावाने त्यात लिहिला जातो. मार्चअखेर ती बेरीज शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवणार आहोत. इतर धर्मग्रामांच्या शाळांनीही तसेच करावे, अशी आमची विनंती आहे.