पाटे, कॉइल आणि बाबांची जिप्सी

शुक्रवारी संध्याकाळी लॉगआउट केलं की नागपुरातली निम्मी जनता मॉलकडे पळते. आमचा एक मित्र मात्र बॅग उचलतो आणि थेट भंडाऱ्याला पळतो. साठेक किलोमीटर, तासा-दीड तासाचा रस्ता. तुम्ही म्हणाल, कोणीतरी 'खास' असणार तिकडे. आहे ना! रंग हिरवा, वय वीसच्या पुढे, चारही चाकांना ताकद. बाबांनी रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतलेली मारुती जिप्सी.

यंदा साहेबांना बोनस मिळाला. बोनस मिळाला की माणसं फोन बदलतात, गोव्याला जातात, फार झालं तर सोनं घेतात. यानं मला लॅपटॉपवर एक शॉपिंग कार्ट दाखवली. चार इम्पोर्टेड कॉइलओव्हर शॉक, लिंक आर्म, मोठे टायर. खालची टोटल बघून मी कॉफी बाजूला ठेवली. "रॉक क्रॉलिंगमध्ये उतरायचंय यार," तो म्हणाला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉक क्रॉलिंग म्हणजे वेगाची शर्यत नव्हे, तर दगडांवरून गाडी रांगत नेण्याचा खेळ. मोठाले खडक, त्यांच्यामधून आखलेला मार्ग आणि त्यावर जोडीजोडीने उभे केलेले मार्कर. मार्करला धक्का लागला, दंड. रिव्हर्स घेतला, दंड. ज्याचा दंड सगळ्यात कमी, तो जिंकला. अमेरिकेत १९९०च्या दशकात याच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या. कॅलिफोर्नियात २००७ पासून 'किंग ऑफ द हॅमर्स' भरते, तिथे दगडांच्या जोडीला वाळवंटातला वेगही असतो. आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे गोव्यातलं रेनफॉरेस्ट चॅलेंज. मूळ मलेशियातलं, १९९७ चं. भारतात आलं २०१४ मध्ये. पण तिथे भर पावसातला चिखल, ओढे आणि विंच यांचा खेळ जास्त, निव्वळ दगड कमी. तरी प्रश्न तोच. चाक जमिनीला चिकटून राहणार की हवेत गरगर फिरणार? आणि ते ठरवतं सस्पेन्शन.

इथे पहिला फंडा समजून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे. जिप्सीच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे. म्हणजे डावं आणि उजवं चाक एकाच कडक नळीच्या दोन टोकांना. लहानपणची सी-सॉ आठवा. डावं चाक दगडावर चढलं की उजवं आपोआप खाली दाबलं जातं. दगडांवर नेमकं हेच हवं असतं. शिवाय चाक वर गेलं की मधला डिफरन्शियलचा गोळाही त्याच्याबरोबर वर उचलला जातो.

आजच्या बहुतेक गाड्यांना पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असतं, प्रत्येक चाक आपापलं. हायवेवर मस्त. खड्डा एका चाकाला कळतो, दुसऱ्याला पत्ता नसतो. पण दगडावर हीच 'प्रायव्हसी' नडते. एक चाक वर गेलं तरी दुसऱ्याला कोणी खाली ढकलत नाही, ते लटकत राहतं. गोळा चासीला बांधलेला, त्यामुळे पुढचा भाग दबला की पोटाखालची जागा कमी होते. किंग ऑफ द हॅमर्समध्ये इंडिपेंडंटवाल्या गाड्याही पुढे दिसतात, कारण तिथे वेग लागतो. नुसत्या रांगण्यात अजूनही अखंड ॲक्सलचंच राज्य आहे.

आपल्या शोरूममध्येही हा वाद दिसतो. २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बारवालं इंडिपेंडंट होतं, मागे पाटे. २०२० च्या थारला पुढे डबल विशबोन, मागे अखंड ॲक्सल आणि कॉइल. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला मात्र पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि कॉइल. आता गंमत बघा. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०. ब्रोशरमधला आकडा थारच्या बाजूने. पण तो आकडा चाक किती लोंबतं हे सांगतच नाही!

तर मित्राकडे अर्धी लढाई जिंकलेली होती. अखंड ॲक्सल घरातच होता. प्रश्न उरला स्प्रिंगचा. पाटे ठेवायचे की कॉइल?

याचं उत्तर शोधायला आम्ही गेलो हायवे ५३ वरच्या एका पाटेवाल्या मिस्त्रीकाकांकडे. हा पूर्वीचा हायवे ६. भंडाऱ्याहून लाखनीकडे जाताना गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना लागतो आणि रस्त्यावर धान-तांदळाच्या ट्रकांची रीघ. अशा रस्त्यावर पाट्यांचा डॉक्टर उपाशी राहत नाही. काकांनी जिप्सीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि विचारलं, "उंच कराची हाय का मऊ कराची हाय, थे सांगा ना पहिले."

मित्र गप्प. कारण त्याच्या डोक्यात दोन्ही एकच होतं. तुमच्याही असेल. माझ्याही होतं.

पाट्यांचं वैशिष्ट्य असं की ते दोन नोकऱ्या एकाच पगारात करतात. गाडीचं वजन पेलतात आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. आर्म नको, लिंक नको. तुटले तर लाखनीत काय नि साकोलीत काय, संध्याकाळपर्यंत गाडी उभी. पण पाट्यांची पानं एकमेकांवर घासतात, त्यामुळे हालचाल अडखळत होते. आणि लो गिअरमध्ये दगडावर जोर लावला की ॲक्सल पाट्यांना पिळतो. पाटा इंग्रजी एससारखा वाकतो, चाक टपटप उड्या मारतं आणि कधी प्रॉपेलर शाफ्टचा जॉइंटच जातो. पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवले की गाडी झटक्यात उंच होते. फोटो जबरदस्त येतो. पण ही पीळ कमी होत नाही, उलट वाढते.

कॉइल एकच काम करते, वजन पेलते. चाक सुळकन वर-खाली जातं. पण ॲक्सलला धरणार कोण? म्हणून लिंक आल्या. जिम्नीला प्रत्येक ॲक्सलला दोन आर्म आणि एक आडवा लॅटरल रॉड आहे. साधं, टिकाऊ, पण एका मर्यादेनंतर पिळायला कुरकुरतं. स्पर्धेतल्या गाड्यांना चार लिंक असतात, त्यातल्या दोन तिरप्या, म्हणजे आडव्या रॉडची गरजच संपते. दगडांसाठी बेस्ट. मात्र लिंक किती लांब, चासीवर कुठे वेल्ड केली, कोणत्या कोनात, हे चुकलं तर ब्रेक मारल्यावर गाडी काय करेल याचा नेम नाही. म्हणजे मित्राच्या कार्टमधला महागडा माल हा निम्माच खर्च होता. उरलेला निम्मा वेल्डिंग करणाऱ्याच्या डोक्यात असतो.

एअर शॉक नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात स्प्रिंगच नसते, नायट्रोजन वायूच ते काम करतो. हलक्या, सावकाश चालणाऱ्या स्पर्धेच्या गाडीला ठीक. गरम झाला की त्याचा कडकपणा बदलतो, म्हणून रोजच्या गाडीला नको. विषय संपला.

मग काकांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. पुढच्या एका चाकाखाली जॅक लावला आणि चाक उचलत नेलं. बाकी तिन्हीपैकी एखादं जमीन सोडेपर्यंत. चाक माझ्या गुडघ्याच्याही खाली होतं आणि मागचं एक अलगद हवेत! तिकडे स्पर्धावाले हेच वीस अंशांच्या रॅम्पवर मोजतात. रॅम्पवर गाडी जितकी चढली ते अंतर भागिले व्हीलबेस, गुणिले हजार. याला रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स, म्हणजे आरटीआय म्हणतात. (माहितीचा अधिकार वेगळा!) जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. ती एक मीटर चढली तर इंडेक्स साधारण ४२१. पैसे खर्च करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा. फरक पडला की नुसती गाडी उंच झाली, ते लगेच कळतं.

"पाने गंजून चिपकले हायेत," काका म्हणाले. बुश कडक, शॅकल जाम, शॉक मेलेले. म्हणजे मित्र ज्या पाट्यांना नावं ठेवत होता ते बिचारे कामच करत नव्हते. पाटे खोलून घासून ग्रीस केले, बुश नवे टाकले, टायरमधली हवा उतरवली, तरी ही गाडी बदललेली दिसेल असं त्यांचं म्हणणं.

आणि मग खरा प्रश्न आला. तोही काकांनीच विचारला. "अन् बाबूजी कसे चढतीन हिच्यात?"

जिप्सी ही त्या घरातली एकमेव गाडी आहे. बाबांना चेकअपला नागपूरला न्यायचं ते याच गाडीतून. आई शेजारी. सहा इंच उंच, मऊ स्प्रिंगची, मोठ्या टायरची गाडी खडकावर राणी असते. पण हायवे ५३ वर समोरून ट्रक आला आणि स्टिअरिंग एकदम फिरवावं लागलं तर? गुरुत्वमध्य वर गेलेला, बॉडी डुलणारी, ब्रेक जुनेच. मित्र माझ्याकडे बघायला लागला. मी ट्रककडे.

कायद्याचाही मुद्दा आहे, आणि आपली जनता तो सोयीस्कर विसरते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेले मूळ तपशील बदलतील असे फेरफार रजिस्टर्ड गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावलं. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न काय विचारेल, ते सांगायला नको. आणि हो, कोका किंवा नागझिऱ्याच्या जंगलात 'प्रॅक्टिस' करायचं मनातही आणू नका. तिथे जिप्सी सफारीला जाते, ती ठरलेल्या रस्त्यावरून, गाइडसोबत.

परतताना मित्र बराच वेळ बोलला नाही. भंडारा जवळ आल्यावर म्हणाला, "बाबांची गाडी बाबांचीच राहू दे." ती कार्ट त्यानं त्याच रात्री रिकामी केली.

पण खाज अशी जाते थोडीच! बोनसचा एक भाग जिप्सीच्या पाट्यांत, बुशांत आणि चार नव्या शॉकमध्ये गेला, उंची जशीच्या तशी. उरलेल्या पैशांत दोघा मित्रांना पार्टनर घेऊन त्यानं एक जुनी एमएम ५४० उचलली. पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे. ही रस्त्यावर चालवायचीच नाही, ट्रेलरवर टाकून न्यायची. पहिलं वर्ष पाट्यांवरच, फक्त ॲक्सल पिळू नये म्हणून एक ट्रॅक्शन बार. चार लिंक आणि कॉइल पुढच्या बोनसला, तेही तोवर गाडीनं स्वतः मागितलं तर.

गेल्या शनिवारी गेले तेव्हा ती काकांच्या शेडबाहेर विटांवर उभी होती. चाकं काढलेली, पाटे जमिनीवर ओळीने मांडलेले. मित्र ऑफिसच्या फॉर्मल शर्टात, हातात वायर ब्रश. शेजारच्या बाकावर बाबा चहा पीत बसले होते आणि कोणतं पान कितव्या नंबरला लागतं ते त्याला सांगत होते.