सीमा रस्ते संघटनेचे मनुष्यबळ

सीमा रस्ते संघटना ही भारताच्या सीमावर्ती व दुर्गम प्रदेशांत रस्ते, पूल, बोगदे आणि धावपट्ट्या बांधणारी व त्यांची देखभाल करणारी केंद्रीय संस्था आहे. बीआरओ या संक्षेपानेही ती ओळखली जाते. तिची स्थापना ७ मे १९६० रोजी झाली आणि २०१५ पासून ती पूर्णपणे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. हिमाचल प्रदेशातील अटल बोगदा (२०२०) आणि अरुणाचल प्रदेशातील सेला बोगदा (२०२४) ही तिची अलीकडची गाजलेली कामे होत. ती प्रत्यक्ष उभारणाऱ्या माणसांची चर्चा मात्र बहुधा एखादी दुर्घटना घडल्यावरच होते.

ग्रेफ आणि पुणे

संघटनेचे अधिकारी लष्कराच्या अभियंता दलातून तसेच जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स, अर्थात ग्रेफ, या दलातून येतात. ग्रेफचे केंद्र पुण्यातील दिघी कॅम्प येथे आहे. महाराष्ट्राला आंतरराष्ट्रीय भूसीमा नाही. तरीही लडाख किंवा तवांगच्या रस्त्यावर जाणारा चालक, गवंडी वा यंत्रचालक, मग तो बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचा असो की मणिपूरचा, आधी या केंद्राशी जोडला जातो.

ग्रेफचा कर्मचारी सैनिक की नागरी नोकर, हा प्रश्न जुना आहे. त्याला लष्करी कायद्यातील काही तरतुदी लागू आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये आर. विश्वन खटल्यात ग्रेफ हा सशस्त्र दलांचाच अविभाज्य भाग असल्याचे मान्य केले. त्यामुळे राज्यघटनेच्या कलम ३३ नुसार त्याच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येतात आणि कामगार संघटना स्थापन करण्याचा मार्ग बंद होतो. सेवेच्या इतर अनेक बाबतींत मात्र तो केंद्र सरकारचा नागरी कर्मचारीच राहतो. शिस्त सैनिकाची आणि सेवाशर्ती नागरी, अशी ही दुहेरी स्थिती आहे.

हंगामी मजूर

निदान ग्रेफ कर्मचाऱ्याची नोकरी कायम असते. खडी फोडणे, दरड हटवणे, भिंती रचणे ही कामे मोठ्या प्रमाणावर हंगामी मजूर करतात. त्यांची नेमणूक साधारणतः सहा महिन्यांहून कमी मुदतीची असते. यांतील बरेच जण झारखंडमधील दुमका व आसपासच्या संथाळबहुल भागातून येतात. जून २०२० मध्ये, टाळेबंदीनंतर, दुमका येथून विशेष रेल्वेने मजूर लडाखकडे रवाना झाले. तत्पूर्वी मध्यस्थांना दूर ठेवून मजुरी थेट बँक खात्यात जमा करावी, असा आग्रह झारखंड सरकारने धरला होता. सीमेवरील तणावाच्या त्या काळात रस्त्यांची निकड होती, म्हणूनच या मागणीला वजन आले.

सवलती उशिराच मिळाल्या. मृतदेह जतन करून मूळ गावी पोहोचवण्याची सोय पूर्वी ग्रेफ कर्मचाऱ्यांपुरती होती. ती सप्टेंबर २०२३ मध्ये हंगामी मजुरांनाही लागू झाली. त्याच वेळी अंत्यसंस्काराचे साहाय्य १,००० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये १० लाख रुपयांच्या समूह विम्यास मंजुरी मिळाली. या तरतुदींचा मुख्य रोख मृत्यूनंतरच्या मदतीवर आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दरम्यान, डोंगरावरील हिवाळी मुक्काम वाढत आहे. पूर्वी अनेक महिने बंद राहणारी झोजी ला खिंड २०२५ मध्ये केवळ ३२ दिवसांत खुली झाली. लष्करी वाहतूक आणि लडाखमधील रहिवासी या दोहोंच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. पण खिंड लवकर उघडायची तर माणसांना हिमस्खलनाच्या टापूत त्या काळातही राहावे लागते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात माणा गावाजवळील संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला. रस्त्याच्या कामावरील ५४ मजूर त्यात सापडले. राहण्यासाठी ठेवलेल्या पोलादी कंटेनरांमुळे अनेकांचे प्राण वाचले. ४६ जणांची सुटका झाली, आठ जण मरण पावले.